चिखलात गाडी मोडते ती अडकल्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस स्थिरावला की शनिवार-रविवारी नाणेघाट, माळशेज आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे खिरेश्वर या बाजूंना मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. डांबर सोडून चिखलात उतरलेली एखादी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढतानाची दृश्येही मग मोबाइलवर फिरू लागतात. वर्तमानपत्रांतही अशा बातम्या येतात, पण गाडी बाहेर निघाली की बातमी संपते. त्या गाडीचे खरे नुकसान कुठे झाले, ते कशाने झाले आणि ते टाळता आले असते का, हा भाग कोणी सांगत नाही. जुन्नर तालुक्यात गॅरेज चालवत असल्यामुळे हा पुढचा भाग माझ्यासमोर येतो, आणि तो वाचकांपर्यंत पोहोचावा असे मनापासून वाटते.

जुन्नर २०१८ साली राज्यातील पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. त्यापूर्वीही आमच्याकडे गाड्या चिखलात रुतत होत्याच, पण त्या कांदा-टोमॅटो वाहणाऱ्या पिकअप आणि दूध गोळा करणाऱ्या गाड्या असत, आणि त्यांचे चालक याच मातीत वाढलेले असत. अशा एखाद्या पिकअपने कितीही पावसाळे काढले तरी तिच्या क्राउन-पिनियनला (ॲक्सलमधल्या, चाकांकडे ताकद वळवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीला) धक्का लागलेला नसतो. उलट चारही चाकांना ताकद देणारी नवी, महागडी गाडी एका सहलीनंतर क्लच जळालेल्या अवस्थेत दारात येते. या फरकाचे कारण गाडीच्या किमतीत शोधून सापडणार नाही. चिखलात रुतल्याने गाडीचे सहसा काही बिघडत नाही. रुतल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत जी घाई होते आणि बाहेर निघाल्यावर पुढचा आठवडाभर जे दुर्लक्ष होते, त्यांनी ती बिघडते, आणि या दोन्ही गोष्टी पूर्णपणे चालकाच्या हातातल्या आहेत.

आधी मातीविषयी, कारण नवख्या चालकाला सगळा चिखल सारखाच दिसतो. तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर, आंबे-हातवीज, मढ या पट्ट्यात तांबूस मातीचा थर बहुतेक वाटांवर उथळ असतो आणि खाली मुरूम किंवा कातळ लागतो. तेथे चाक थोडे खाली जाते, टणक थराला टेकते आणि त्याला पकड मिळते. धोका असतो तो गढूळ पाण्याखाली न दिसणाऱ्या दगडाचा, जो इंजिनाचा चेंबर (खालचे ऑइलचे भांडे) फोडतो किंवा टायरची बाजू चिरून टाकतो. भाताची खाचरे मात्र अगदी वेगळी. चिखलणी केलेल्या खाचरात कोणतीही गाडी कधीही घालू नये, कारण तेथे चाकाला तळ सापडत नाही आणि एका घरच्या वर्षभराच्या भाताची नासाडी होते, ती वेगळीच. पूर्वेला, नारायणगाव, आळे, बेल्हे या बाजूला पाऊस कमी आणि काळी माती जास्त. बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली ही माती पाणी शोषून फुगते, तिचे वरचे दोन-तीन इंच निसरडे होतात आणि टायरच्या खाचा तिने भरल्या की नव्या टायरचाही उपयोग राहत नाही. पुढे हीच माती थरावर थर चढत मडगार्डला आतून भिडते आणि चाक फिरायचेच थांबते. मोटरसायकल उभी करून काठीने चाकातला चिखल खरवडणारे शेतकरी पावसाळ्यात जागोजागी दिसतात, ते याचमुळे. अशा मातीत गाडी चालवण्याच्या कसबापेक्षा न चालवण्याचा निर्णय अधिक उपयोगी पडतो. वापसा, म्हणजे मातीत कामापुरतीच ओल राहण्याची स्थिती, आल्याशिवाय शेतकरी पेरणीलाही हात घालत नाही, तेवढा धीर गाडीवाल्यानेही धरावा. कडक ऊन पडले तर वाटेचा वरचा थर काही तासांत आवळतो, ढगाळ हवेत एक-दोन दिवस जातात, आणि शेजारच्या बांधावर काम करणाऱ्या माणसाला विचारले तर तो नेमके उत्तर देतो.

विचारून झाल्यावरही गाडीतून उतरून ती वाट पायी चालावी आणि काठीने खोली बघावी. काठी किती खाली जाते एवढेच पाहून भागत नाही, ती तळाला टणक लागते की तशीच रुतत राहते, हे हाताला कळले पाहिजे. ट्रॅक्टर गेला आहे म्हणजे आपली गाडीही जाईल, हा हिशेब सर्वांत जास्त गाड्या अडकवतो. ट्रॅक्टरची मागची चाके मोठी असल्याने त्याच्या चाकोऱ्या खोल पडतात, दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा तसाच राहतो, आणि आपल्या गाडीची चाके चाकोरीत उतरली की तिचा पोटाकडचा भाग त्या उंचवट्यावर बसतो. महिंद्रच्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे आणि मारुतीच्या जिमनीची २१० मिलिमीटर, म्हणजे दोन्हींची मर्यादा वीतभराच्या आसपासच आहे. अशा ठिकाणी एक बाजूची चाके मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची वाटेच्या कडेवर ठेवून जाता येत असेल तर जावे, नाहीतर तेथूनच परत फिरावे.

गाडीविषयीचे काही गैरसमजही दूर व्हायला हवेत. दणकट दिसणारी प्रत्येक गाडी चारही चाकांना ताकद देत नाही. बोलेरो मागच्या चाकांवर चालते, आणि २०२३ पासून थारसुद्धा फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या प्रकारात मिळते. स्वतःची गाडी कोणत्या प्रकारची आहे हे ठाऊक नसलेले मालक मला दर पावसाळ्यात भेटतात. ज्यांच्या गाडीत चारही चाकांची सोय आहे त्यांनी ती चिखलात शिरण्यापूर्वी, गाडी थांबवून किंवा पुस्तिकेत दिलेल्या वेगात जोडावी. चाके गरगरत असताना घाबरून लिव्हर ओढला की आतल्या दात्यांवर आघात होतो. उथळ चिखलात फोर-हाय, म्हणजे चारही चाकांची नेहमीच्या वेगाची जोडणी, पुरते. खोल, चढाच्या किंवा अगदी सावकाश जाण्याच्या ठिकाणी फोर-लो वापरावे, कारण त्यात चाकांपर्यंत पोहोचणारी ताकद साधारण दोन ते अडीच पट होते आणि क्लच न घासता गाडी माणसाच्या चालीने चालते. डांबरावर आल्याबरोबर ही जोडणी काढायची, हे विसरणारे खूप आहेत. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि ओल्या मातीत तो फरक चाके थोडी घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, मग तो सगळा ताण शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस यांच्यावर येतो.

टायरमधल्या हवेचे महत्त्व चालकांना सर्वांत कमी माहीत आहे, आणि खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फायदा तिथेच आहे. रस्त्यावर आपण ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवतो. खोल आणि मऊ चिखलात ती १८ ते २० पर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, गाडीचे वजन जास्त जागेवर पसरते आणि चाक कमी रुतते. साध्या रिमवर १५ च्या खाली मात्र जाऊ नये, कारण वळण घेताना टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. उथळ चिखलाखाली मुरूम असेल तेथे हवा फार उतरवण्याचे कारण नाही. तेथे चाकाने चिखल कापून तळाला लागणेच चांगले, आणि मऊ झालेल्या टायरची बाजू दगडाने लवकर फाटते. हवा कमी केली की ती पुन्हा भरण्याची सोय जवळ हवी. गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो घेतल्याशिवाय हवा उतरवू नये. २० पीएसआयवर महामार्गावर वेगात गेलेला टायर आतून तापून फुटतो. चिखलासाठीचे मोठ्या खाचांचे टायर घेणाऱ्यांनीही एवढे लक्षात ठेवावे की ओल्या डांबरावर त्यांना थांबायला जास्त अंतर लागते, आणि आपली बहुतेक धाव डांबरावरचीच असते.

प्रत्यक्ष चालवताना एकच गिअर ठरवून घ्यावा आणि मध्ये तो बदलू नये. फोर-लोमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर बहुतेक वेळा योग्य ठरतो. पहिल्या गिअरमध्ये चाकावर एकदम जास्त ताकद येते आणि ते जागीच फिरू लागते. ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवावा, अर्ध्या वाटेत पाय काढू नये आणि दाबूही नये. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे तर पूर्ण टाळावे. स्टिअरिंग शक्यतो सरळ ठेवावे, आणि गाडीची चाल मंदावत आहे असे वाटले तर ते थोडे डावी-उजवीकडे हलवावे, म्हणजे टायरच्या कडांना नवी माती मिळते. चाकोरीत असताना पुढची चाके कोणत्या दिशेला वळलेली आहेत हे ध्यानात राहिले पाहिजे, नाहीतर चाकोरी संपताच गाडी अचानक बांधाकडे झेप घेते. हल्लीच्या गाड्यांत चाक घसरताच इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा असते. डांबरावर ती जीव वाचवते, पण चिखलात तिच्यामुळे गाडी मध्येच मान टाकते, म्हणून तिचे बटण कुठे आहे हे आधी पाहून ठेवावे आणि रस्त्यावर आल्यावर ती पुन्हा चालू करावी.

आता अडकल्यावरचे. गाडी पुढे जात नाही आणि चाके फिरत आहेत हे कळल्याच्या क्षणी पाय काढावा. येथे बहुतेक जण नेमके उलट करतात. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दात्यांच्या पेटीत, एक चाक अडून राहिले आणि दुसरे मोकळे फिरले तर मोकळे चाक दुप्पट वेगाने फिरते. वेगाच्या काट्यावर ४० दिसत असताना ते प्रत्यक्षात ८० च्या वेगाने गरगरत असते, आणि दोन चाकांच्या वेगातला हा फरक आतले छोटे दाते सोसत असतात. वळणावरचा किरकोळ फरक सांभाळण्यासाठी बनवलेल्या त्या दात्यांना हा वेग मानवत नाही. ते तापतात, खरवडतात, आणि अशा वेळी फिरणारे चाक एखाद्या दगडावर एकाएकी धरले तर ॲक्सल मोडतो. क्लच जळाल्याचा वास गाडीत येईपर्यंत प्लेट वापरून संपलेली असते. ऑटोमॅटिक गाडीत वास येत नाही, पण गिअरबॉक्सचे ऑइल भयंकर तापते. इशाऱ्याचा दिवा लागला तर गाडी न्यूट्रलमध्ये आणून इंजिन चालू ठेवावे आणि ऑइल निवू द्यावे. शिवाय प्रत्येक फेऱ्यागणिक चाक स्वतःखालचा खड्डा खोल करत असते, आणि जी गाडी पाच मिनिटांत फावड्याने निघाली असती ती पोटावर बसते. गोव्यात २०१४ पासून भर पावसात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांची चित्रे पाहून, चिखल उडवत इंजिन किंचाळवणे म्हणजेच चिखलातून काढण्याची रीत, असा समज तरुणांमध्ये पसरला आहे. त्या गाड्यांना विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र), डिफरन्शियल लॉक आणि उंच नेलेली हवेची नळी असते, मागे सुटे भाग घेऊन मेकॅनिकांचे पथक उभे असते, आणि स्पर्धेत गाडी मोडणे त्यांनी गृहीत धरलेले असते. घरच्या गाडीच्या मालकाने तसे काहीच गृहीत धरलेले नसते.

पाय काढल्यावर उतरावे, चारही चाके पाहावीत आणि फावडे हातात घ्यावे. ज्या दिशेने आलो त्याच दिशेने, मागे निघणे जवळजवळ नेहमीच सोपे असते, कारण ती वाट आपल्याच चाकांनी दाबलेली असते. चाकांच्या पुढचा-मागचा चिखल उतार राहील असा काढावा, पोटाखालचा आणि डिफरन्शियलच्या हौसिंगला (बाहेरच्या पेटीला) लागलेला चिखल मोकळा करावा, आणि चाकाखाली दगड, फांद्या, गोणपाट, जे हाताशी असेल ते सारावे. काळी माती चाकाला सर्व बाजूंनी धरून ठेवते. ती धरलेली पकड फावड्याने सुटते, पण नुसत्या ओढण्याने सुटत नाही. म्हणून ट्रॅक्टर आला तरी आधी उकरावे आणि मग ओढावे. हा क्रम पाळला तर निम्म्याहून अधिक मोडतोड होणारच नाही, असे मी खात्रीने म्हणतो.

ओढण्याच्या कामात गाडीबरोबर माणसांचाही जीव गुंतलेला असतो, म्हणून याविषयी जरा सविस्तर लिहितो. बंपरला, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा ॲक्सलला दोर कधीही बांधू नये. अनेक मोटारींच्या खाली दिसणारे पातळ कडे हे गाडी ट्रकवर चढवून आवळण्यासाठी दिलेले असते, झटका सोसण्यासाठी ते नसते. बंपरवरचे झाकण काढून आट्यांनी बसवायचा हूक हाही सपाट रस्त्यावर सरळ ओढण्यापुरता असतो, आणि पूर्ण आटे बसले नसतील तर तो उपटून गोळीच्या वेगाने येतो. ज्या गाड्यांना चासिसला पक्का जोडलेला हूक आहे तोच वापरावा. साखळी आणि लोखंडी वायररोप ताणत नाहीत, त्यामुळे ट्रॅक्टरचा सगळा झटका एकदम चासिसवर येतो, आणि तुटलेली वायर माघारी फिरून माणसाचा पाय कापून नेऊ शकते. रुंद, जाड पट्टा आणि किती वजन पेलते ते लिहिलेले शॅकल (पट्टा जोडण्याची लोखंडी कडी) चांगले. नायलॉनचा ताणणारा पट्टा असेल तर तो त्याच कामासाठी बनवलेला असावा, गावातल्या दुकानातला बांधणीचा दोर नको. दोरावर मध्यभागी ओले गोणपाट टाकावे, म्हणजे तो तुटला तरी फारसा उसळत नाही. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकांखेरीज कोणीही उभे राहू नये, आणि मोबाइल धरून चित्रण करणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

ट्रॅक्टर बोलावला तर दोर त्याच्या मागच्या, खालच्या हुकालाच बांधलेला आहे याची खात्री गाडीवाल्यानेही करावी. दोर मागच्या ॲक्सलच्या वर बांधला आणि गाडी घट्ट रुतलेली असली तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते आणि तो चालकावर उलटा होतो. मदतीला आलेल्या माणसाच्या जिवावर बेतणारी ही गोष्ट आहे. ट्रॅक्टर लहान गिअरमध्ये हळूहळू पुढे जाऊन दोर ताठ व्हावा, मगच दोन्ही गाड्यांनी एकदम जोर लावावा. सैल दोराने झटके देऊन काढलेल्या गाडीचे बुश, बॉल जॉइंट आणि कधी चासिसचे तोंडही वाकलेले आढळते, आणि मालकाला ते महिनाभराने टायर एका बाजूने झिजू लागल्यावर कळते.

पाण्याविषयी थोडक्यात. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर खोलीची मर्यादा सांगते, पण ती स्थिर आणि तळ ठाऊक असलेल्या पाण्याची आहे, ओढ्याच्या वाहत्या पाण्याची नाही. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा चालू करण्याचा एकही प्रयत्न करू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि इंजेक्टर किंवा प्लग काढून पाणी बाहेर टाकण्याचे काम गॅरेजवर सोपवावे. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर घ्यावे लागते. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे पावसाळ्याआधी पाहून घ्यावे.

आणि आता घरी पोहोचल्यानंतरचे, ज्याकडे कोणाचेच लक्ष नसते. गाडी वरून धुऊन चकचकीत होते आणि मालक समाधानी होतो, पण चिखल बसलेला असतो तो खाली. चिखलातून चाललेल्या गाडीचे डिफरन्शियल हौसिंग गरम असते. ते थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते, कारण वरची ब्रीदरची, म्हणजे हौसिंगच्या हवा येण्या-जाण्याच्या छिद्राची, छोटी टोपी चिखलाने बुजलेली किंवा पाण्याखाली असते. अशा गाडीचा खालचा नट सोडला की आधी थोडे स्वच्छ पाणी येते, मग ताकासारखे पांढुरके, फेसाळ ऑइल येते, आणि बोटांवर घासून पाहिले तर त्यात बारीक कचकच लागते. मालकाला तोवर काहीच जाणवलेले नसते, गाडी नेहमीसारखी चाललेली असते. असे ऑइल तसेच राहिले तर बेअरिंग गंजतात, काही महिन्यांत मागून घोंघावणारा आवाज सुरू होतो आणि क्राउन-पिनियन बदलण्याचा खर्च पुढ्यात येतो. चाकाच्या मधोमध पोहोचेल इतक्या पाण्या-चिखलातून गाडी गेली असेल तर आठवड्याच्या आत हौसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे ऑइल तपासून घ्यावे. ब्रीदरला साध्या नळीने बॉनेटपर्यंत उंच नेणे हे कोणत्याही गॅरेजमध्ये होणारे किरकोळ काम आहे आणि वारंवार अशा वाटांनी जाणाऱ्याने ते करून घ्यावेच.

त्याच वेळी गाडी वर घेऊन ॲक्सलचे रबरी बूट हाताने फिरवून पाहावेत. घडीत पडलेली बोटभर चीर दुरून दिसत नाही. तिच्यातून ग्रीस बाहेर आणि चिखल आत जातो, आणि थोड्याच दिवसांत वळताना कट-कट आवाज येऊ लागतो. बूट वेळेत बदलला तर काम थोडक्यात निभते, नाहीतर पूर्ण जॉइंट जातो. रेडिएटर आणि त्याच्यापुढचा एसीचा कंडेन्सर यांच्या पातळ पात्यांमध्ये वाळलेला चिखल सपाटीवर त्रास देत नाही, पण पुढच्या वेळी माळशेज चढताना इंजिन तापवतो. तो कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवावा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर पाती दुमडतात. हाच फवारा चाकाच्या बेअरिंगवर, ऑइल सीलवर आणि वायरिंगच्या जोडांवर मारला तर चिखल निघण्याऐवजी आत ढकलला जातो. ब्रेक ड्रम उघडून धुवावेत आणि ओल्या चिखलाने माखलेली गाडी हँडब्रेक ओढून दोन-तीन दिवस उभी करू नये, शूज चिकटून बसतात. चिखलातून बाहेर आल्यावर लगेच थोडे अंतर ब्रेक हलका दाबत जावे, म्हणजे पॅड आणि डिस्कमधली रेती निघून जाते. परतीच्या वाटेवर ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले म्हणजे अलाइनमेंट गेले असे समजून पैसे खर्च करण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालावा, बहुतेक वेळा तेथे मातीचा गोळा वाळलेला असतो. चासिसच्या पोकळ भागांत आणि दारांच्या तळच्या छिद्रांत साचलेली माती महिनोन् महिने ओल धरते आणि गंज आतून सुरू होतो, म्हणून ती छिद्रे मोकळी करावीत. उसाच्या फडातून आलेल्या गाडीखाली शाफ्टला आणि सायलेन्सरजवळ पाचट गुंडाळलेले असते. दिवाळीच्या सुमारास ते वाळलेले असताना आग लागण्याचा धोका खरा आहे, आणि नव्या डिझेल गाड्यांचा धुराड्याचा फिल्टर आतली काजळी जाळून स्वतःला स्वच्छ करताना फार तापतो, त्यामुळे तो धोका वाढला आहे.

पाणंद रस्त्यांबद्दलही, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटांबद्दलही, सांगणे भाग आहे. वापसा नसताना मौजेखातर घातलेल्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या पुढे वाळून कडक होतात, आणि मग त्याच वाटेने शेतकऱ्याला माल काढता येत नाही. गाडीला जे वाईट तेच वाटेलाही वाईट आहे, कारण गरगरणारे चाक दोघांचेही नुकसान एकाच वेळी करते.

या सगळ्यात शिकण्याची सोय फार कमी आहे. महिंद्रने इगतपुरीजवळ अशा चालवण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी जागा उभारली, तसे इतरांनीही करायला हवे, पण तेवढ्याची वाट पाहण्याची गरज नाही. विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देताना हारतुरे झाल्यावर पंधरा मिनिटे काढून मालकाला ओढण्याचा हूक कुठे आहे आणि तो कसा बसवायचा, चारही चाकांची जोडणी कधी करायची आणि कधी काढायची, आणि ब्रीदर कुठे आहे, हे हाताने करून दाखवावे. पर्यटन विभागाने घाटघर, खिरेश्वर यांसारख्या ठिकाणी जेथे डांबर संपते तेथे पुढच्या मातीचा प्रकार आणि पावसातली स्थिती सांगणारा फलक जून ते ऑक्टोबर लावावा, आणि त्यावरचा मजकूर गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारून ठरवावा. आपल्या दैनिकाने वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांच्या वैशिष्ट्यांबरोबर त्या चिखलातून गेल्यावर काय तपासायचे, याला दर पावसाळ्यात थोडी जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक गॅरेज व्यावसायिक,
ता. जुन्नर, जि. पुणे